मोडीतलं तांबं

आमच्या आळीत चाळिशी ओलांडलेला तांबट बहिरा नसेल, तर लोकांना त्याच्या कामाविषयी शंका यायची. दिवसभर ऐरणीवर तांब्याचा पत्रा ठोकायचा, तोही चिंचोळ्या खोलीत, शेजारी दुसरा ठोकणारा, त्याच्या शेजारी तिसरा. कान किती वर्षं टिकणार? निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या वखारींमुळे परका माणूस शिंकत फिरायचा, आणि आमच्या आळीत शिरला की शिंकणं विसरून कानांवर हात ठेवायचा. आम्ही त्या आवाजातच जन्मलो. अमावस्येला कामं बंद राहिली की आळी गप्प व्हायची आणि आम्हा पोरांना दुपारची झोप लागायची नाही.

अशा आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून तांबटांनी हातांची बोली करून ठेवली होती. तळहातावर दोन बोटं घासली की पत्रा पातळ झाला, आता पुरे. मूठ उघडून मिटली की भट्टीत घाल. ओंजळ केली की पाणी. पाच बोटं तोंडाशी नेली की जेवायला चला. हात मागे झटकला की हे भांडं गेलं, मोडीत टाक. मोड म्हणजे फुटक्यातुटक्या जुन्या भांड्यांचा ढीग, प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात असायचा. त्या बोलीत कामापुरतं सगळं होतं. बाकीचं घरी जाऊन तोंडानं बोलायचं असायचं, म्हणून त्यासाठी कुणी खुणा केल्याच नाहीत.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, आळीतल्या नावाजलेल्या कारागिरांपैकी एक. त्यांनी मला इंग्रजी शाळेसाठी बेळगावला पाठवलं तेव्हा आळीनं त्यांना वेड्यात काढलं. हातोडा सोडून पोरगं काय दिवे लावणार, असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. आप्पांनी ऐकून घेतलं. तेव्हा त्यांना थोडंफार ऐकू यायचं. मी वसतिगृहात राहिलो. दर सुट्टीला घरी यावं, तर आप्पांचे कान आणखी थोडे गेलेले असायचे. मी वरच्या वर्गांत पोचलो तोवर दोन्ही कान पार गेले. बेळगावच्या डॉक्टरांनी उजेड टाकून पाहिलं, कानाशी काहीतरी वाजवलं आणि आतल्या नसा झिजल्यात म्हणाले. पुढेमागे एखादं यंत्र मिळालं तर आवाज पोचेल, पण त्यातलं बोलणं किती कळेल ते सांगता येत नाही, असंही म्हणाले.

आई होती तोवर आमचं भागत होतं. ती आप्पांच्या समोर बसायची, ओठ मोठे करून बोलायची, मध्येच हातांनी, मध्येच डोळ्यांनी. मी काय म्हणालो ते ती त्यांना सांगायची आणि त्यात स्वतःचे चार शब्द घालायची, हे मला त्यांच्या उत्तरांवरून कळायचं. मी म्हणावं अभ्यास बरा चाललाय, आणि आप्पांनी म्हणावं, मग पहिला आलास म्हण की. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ती तापात गेली. त्यानंतर त्या घरात दोन पुरुष उरले आणि मध्ये बोलणारं कुणी उरलं नाही.

मला बेळगावातच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उपकरणं मांडायची, मुलांनी मोडली की दुरुस्त करायची आणि प्राध्यापक बोलत असताना योग्य वेळी कळ दाबायची. खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात मी माडीवरची खोली घेतली. खाली कानडी कुटुंब होतं, फार भली माणसं, सणाला ताट पाठवायची. पण त्यांचा दिवस त्यांचा आणि माझा माझा. जेवण खाणावळीत. संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालत जायचं आणि कॅम्पातला बिगूल वाजला की परत फिरायचं. माझ्या वयाच्या सगळ्यांची लग्नं झाली होती. माझी गोष्ट अडली होती, कारण हातोडा सोडलेल्या पोराला आमच्यात कुणी मुलगी देईना, आणि शिकलेल्या घरांत तांबटाला कुणी विचारीना. खोलीवर परत आलो की दिवसभरात आपण ‘कळ दाबू का?’ आणि ‘भात वाढा’ एवढंच बोललो, हे ध्यानात यायचं.

दर पंधरवड्याला शनिवारी निपाणी. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भट्टी लावलेली ती मोटार संकेश्वरापर्यंत कशीबशी यायची आणि तवंदीच्या घाटात हमखास दम सोडायची. आम्ही उतारू खाली उतरून चालायचो, ती मागून धापा टाकत यायची. घरी पोचलो की आप्पा दाराशी असायचे. पाच बोटं तोंडाशी. जेवायचो. मग ते त्यांच्या मोठ्या, सपाट आवाजात आळीतल्या दोन गोष्टी सांगायचे, कारण बोलता त्यांना येत होतंच. मी मान हलवायचो. ते माझ्या तोंडाकडे बघायचे, मी काहीतरी म्हणायचो, त्यांना ते समजायचं नाही, आणि समजलंसं दाखवून ते विडी पेटवायचे. रविवारी दुपारी मी परत मोटारीत. आई असताना हाच माणूस मला चेष्टेनं भंडावून सोडायचा.

मला आप्पांशी बोलायचं होतं. एवढंच हवं होतं मला त्या वर्षांत. नोकरीतली बढती नाही, लग्नही फारसं नाही. माझा आवाज त्यांच्या कानापर्यंत जावा, आणि त्यांनी आईला उत्तर द्यायचे तसं उलटून काही म्हणावं.

यंत्र फार अवघड नव्हतं. टेलिफोनातला जुना मायक्रोफोन, एक ट्रान्सफॉर्मर, कानांवर बसणारा हेडफोन, आणि हे सगळं चालवायला बॅटरी. पहिल्या तीन गोष्टी प्रयोगशाळेच्या अडगळीत होत्या आणि आमच्या प्राध्यापकांनी त्या न्यायला ना म्हटलं नाही. घोडं बॅटरीपाशी अडलं. सुके सेल बाजारातून नाहीसे झाले होते, सगळे पलटणीकडे जात. आम्लाची जड बॅटरी होती, पण ती भरायचं यंत्र बंद पडलं होतं. रस्त्यावरच्या तारांतली वीज क्षणात इकडे, क्षणात तिकडे अशी धावते. बॅटरी भरायला ती एकाच दिशेनं जावी लागते. म्हणजे मध्ये एक असं दार हवं, जे जाणाऱ्याला सोडतं आणि येणाऱ्याला अडवतं. अशी दारं त्या काळी विलायतेहून यायची. तांब्याच्या चकत्या असत, एका बाजूनं भाजून लाल केलेल्या. आमची जळाली होती आणि बोटीनं नवी यायला लढाई संपायला हवी होती.

तांब्याच्या चकत्या! मी स्वतःशीच हसलो. जन्म काढला होता त्यात.

कृती पुस्तकात होती. तांब्याची चकती वितळायच्या थोडी अलीकडे येईपर्यंत तापवायची, मग जरा निवू देऊन पाण्यात सोडायची. वर काळी खपली धरते, ती खरवडली की खाली कुंकवासारखा गडद लाल थर दिसतो. तांबं आणि हवेतला प्राणवायू मिळून झालेला तो थर आणि खालचं तांबं यांच्या सीमेवर ते दार तयार होतं. माझ्या खोलीत निपाणीहून आणलेली एक घागर होती, मोडीतलीच, पाणी तापवायला घेतलेली आणि आता गळायला लागलेली. तिच्या बुडातून रुपयाएवढी चकती कापली, प्रयोगशाळेच्या भट्टीत भाजली, शिशाच्या चकतीशी घट्ट आवळली आणि प्रयोगशाळेतल्या दोन अशक्त सेलांवर लागणाऱ्या एका छोट्या दिव्याच्या वाटेत बसवली. दिवा लागला. तारा उलट्या जोडल्या. विझला. पुन्हा सुलट्या, लागला. त्या रिकाम्या प्रयोगशाळेत मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगायला मी व्हरांड्यात गेलो. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मी पुन्हा आत येऊन दिवा आणखी दोनदा लावला-विझवला.

बॅटरी भरायला अशा पुष्कळ चकत्या एकापुढे एक लागतात. घागरीच्या बुडातून आणखी दोन निघाल्या, त्या चांगल्या होत्या. बाकीच्या घागरीला ठिकठिकाणी डाख लावलेला होता, म्हणजे भोकं जोडकामानं बुजवलेली. त्या भागातल्या चकत्यांनी दिवा सुलटही लावला आणि उलटही. दार म्हणून निरुपयोगी, नुसतं भगदाड. तेव्हा मी त्या बाजूला टाकल्या आणि निपाणीला गेलो.

आप्पांना मी चकती दाखवली आणि खुणांनी सांगितलं की असं तांबं हवं, आणखी हवं, कॉलेजासाठी. कानांच्या यंत्राला आमच्या बोलीत खूण नव्हती. कॉलेज म्हणून मी डोक्यावर टोपीची खूण केली, प्राध्यापकांची. त्यांना एवढं मात्र चटकन समजलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. पोराच्या कॉलेजाला आपलं तांबं लागतंय! मी मोडीच्या ढिगाकडे बोट दाखवलं तर त्यांनी ते हातानं खाली केलं.

“कालिजाला मोड देतोस व्हय? लोकं काय म्हनतील.”

ते माळ्यावर चढले आणि गोणपाटात गुंडाळलेला कोरा पत्रा घेऊन आले. लढाईत तांबं औषधाला मिळत नव्हतं, आळीतले निम्मे लोक जुनी भांडी ठोकून दिवस काढत होते, आणि ह्या माणसानं हा पत्रा कशासाठी तरी जपून ठेवला होता. स्वतः बसून त्यांनी चकत्या कापल्या, कडा घासल्या, चिंचेनं धुतल्या, आणि आरशासारख्या लखलखत्या चकत्या माझ्या पिशवीत भरल्या. मीही खूश होतो. चांगलं तांबं आहे, तर चकत्या आणखी चांगल्या होतील, असं मलाही वाटलं. तांबटाच्या पोटी जन्मलेल्याला दुसरं काय वाटणार?

त्यातली एकही चालली नाही. सुलट जोडा, दिवा नाही. उलट जोडा, दिवा नाही. नुसत्या मुक्या. मी भट्टी बदलली, पाणी बदललं, कमी भाजल्या, जास्त भाजल्या. पावसाळा त्यातच गेला. घरी गेलो की आप्पा डोळ्यांनी विचारायचे आणि मी हात हलवून ‘चाललंय’ म्हणायचो. मग ते आळीत सगळ्यांना आपल्या सपाट आवाजात सांगायचे की माझं तांबं कालिजात लावलंय. मला घरी जाणं नको व्हायला लागलं, आणि न जावं तर त्या खोलीत रविवार काढायचा, तेही नको व्हायचं.

शेवटी प्राध्यापकांना विचारलं. ते धारवाडकडचे, फार कमी बोलणारे. त्यांनी नुसतं विचारलं, तुमचं नवं तांबं फारच शुद्ध आहे का? आणि एका इंग्रजी नियतकालिकाचा बांधलेला खंड माझ्या हातात दिला. तो मी खोलीवर नेऊन वाचला, अर्धा समजला, पुन्हा वाचला.

आज कॉलेजातली पोरं हे सगळं सुरुवातीलाच शिकतात, आणि मीच पुढे कैक वर्षं शिकवलं. आता अशी दारं तांब्याऐवजी सिलिकॉनची करतात. शुद्ध सिलिकॉन जवळजवळ मुकं असतं. त्यात किंचित फॉस्फरस मिसळला की त्याचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन जादा आणतो, म्हणून तो दाता आणि झालेला पदार्थ एन जातीचा. बोरॉन मिसळला की प्रत्येक अणूपाठी एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, ती रिकामी जागा भरायला तो शेजाऱ्याचा घेतो, म्हणून तो ग्राही आणि पदार्थ पी जातीचा. ह्या मिसळण्याला डोपिंग म्हणायचं. कोटी अणूंत एखादा परका असेल तर हलकं, हजारात एखादा असेल तर भारी. भारी असेल तर अक्षराच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह द्यायचं, हलकं असेल तर उण्याचं. पोरं हे घोकतात आणि परीक्षेत एन-प्लस म्हणजे धनभारित असं ठोकून देतात. अरे बाबांनो, भार कुठला आला त्यात? इलेक्ट्रॉन जादा आला तर त्याच्या अणूच्या पोटातला धनभारही बरोबर आला. हिशोब फिटलेलाच आहे. ते चिन्ह फक्त सांगतं की परके किती दाट बसलेत. दरवर्षी मी हे सांगत आलो आणि दरवर्षी अर्धा वर्ग तसंच लिहीत आला.

माझ्या त्या खंडात ह्यातले बरेचसे शब्द नव्हते. तिथे दोन जाती होत्या, जादाचे वाहक आणि उण्याचे वाहक. माझा लाल थर उण्याचा. त्याच्या रचनेत जिथे तांब्याचा अणू बसायला हवा, तिथे काही ठिकाणी तो नसतोच, आणि वीज वाहते ती त्या नसण्यामुळे. मला हे पटायला वेळ लागला. पंगतीत सगळे दाटीवाटीनं बसले की कुणाला हलता येत नाही. एक पान रिकामं ठेवा, मग शेजारचा सरकतो, त्याचा शेजारी सरकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं ते रिकामं पानच चाललंय. कुठल्या परक्या धातूमुळे अशी पानं किती मोकळी राहतात, ते त्या लेखकालाही नक्की ठाऊक नव्हतं. अमक्या खाणीच्या तांब्याच्या चकत्या उत्तम होतात आणि तमक्या खाणीच्या होत नाहीत, एवढं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मग माझ्या तिन्ही तऱ्हेच्या चकत्या समजल्या. आप्पांचा कोरा पत्रा गरजेपेक्षा निर्मळ, म्हणून मुका. डाखाच्या जागी परकं इतकं झालेलं की थराचं दार उरलंच नव्हतं. घागरीच्या बुडात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची मोड वितळून एक झालेली, कुणाचा हंडा, कुणाचं घंगाळ, त्यातलं कणाकणानं काहीतरी, आणि ते योगायोगानं अगदी हवं तेवढं. त्या ‘हवं तेवढं’ला पुस्तकात नाव होतं इम्प्युरिटी. मला तो शब्द आवडला नाही, अजून आवडत नाही. ज्याच्यावाचून काम अडतं त्याला मळ काय म्हणायचं?

पण तो पुढचा वाद. आप्पांना सांगायचं कसं? आमच्या हातांच्या बोलीत वाईट तांब्याला खूण होती, चांगल्या तांब्याला होती, चांगलं म्हणून वाईट असलेल्या तांब्याला नव्हती. मी पुन्हा मोडीच्या ढिगाकडे बोट दाखवलं असतं तर त्यांनी पुन्हा ते खाली केलं असतं. म्हणून मी सगळा संसार पिशवीत भरून नेला. दिवा, तारा, शिशाच्या चकत्या, आणि प्रयोगशाळेतले मरायला टेकलेले दोन सेल. त्यांच्याच भट्टीत, त्यांनी भाता मारत असताना, दोन चकत्या भाजल्या. एक त्यांच्या लखलखत्यांतली. दुसरी ढिगातल्या एका जुन्या बंबातून कापलेली. आप्पा भाता मारत राहिले. दोन्ही निवल्यावर मी आधी बंबाची जोडली. दिवा लागला, उलटी केल्यावर विझला. मग त्यांची जोडली. काहीच नाही. उलटी केली. काहीच नाही.

आप्पांनी स्वतःची चकती उचलली, अंगठ्यानं पुसली, उजेडात धरली.

“मग ह्यो वाईट हाय व्हय?”

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. छातीवर हात ठेवला, त्यांच्या पत्र्यावर ठेवला, पुन्हा नाही. त्यांना काय समजलं देव जाणे. मला रडू आलं होतं आणि ते लपवायला मी भट्टीकडे तोंड केलं. वर्षानुवर्षं काळजाशी धरलेली चांगली गोष्ट माणसानं द्यावी आणि ती कामाची नाही हे दिव्यानं सांगावं, आणि का ते सांगायला पोराजवळ तोंड असून नसावं. आप्पा उठले. कोऱ्या पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांवर त्यांनी गोणपाट टाकलं. मग ढिगाशी बसून एकेक भांडं ठोकून बघत, डाखाचं बाजूला काढत, त्यांनी माझ्यासाठी तांबं निवडायला घेतलं.

त्या तांब्याच्या चकत्यांनी बॅटरी भरली. एका रात्रीत नाही, पण भरली. ती बॅटरी मांडीवर घेऊन मी मोटारीत बसलो, तवंदीच्या घाटात ती काखोटीला मारून चाललो, आम्ल सांडून धोतराला भोकं पडली. वाटेत मी मनाशी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. पहिलं काय म्हणायचं, मग काय. तब्येत कशी आहे विचारायचं. आळीतल्या लोकांवरून चिडवायचं, आई चिडवायची तसं. मग जमलं तर म्हणायचं, माझ्याकडे बेळगावला येऊन राहा, मला तिथे करमत नाही.

दुपार होती, अमावस्या, आळी बंद. आप्पा दुकानातल्या बैठकीवर बसले होते. मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन बसवला तेव्हा त्यांनी लहान मुलासारखी मान पुढे केली. मी समोर बसलो, मायक्रोफोन तोंडाशी धरला, कळ दाबली.

“आप्पा,” मी म्हणालो.

त्यांनी दचकून दाराकडे पाहिलं.

“कोन आलंय बघ.”

दारात कुणी नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, “आप्पा, मी.” ह्या वेळी त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. ओठ हलले आणि तोच परका आवाज पुन्हा आला. त्यांचे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मी विचारलं, तब्येत कशी आहे. त्यांनी भुवया आवळल्या. सावकाश विचारलं, मोठ्यानं विचारलं, एकेक शब्द सोडून विचारलं. त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं. आवाज पोचत होता, बोलणं पोचत नव्हतं. एवढी वर्षं, एवढी खटपट, आणि हाती लागलं ते हे. मी मायक्रोफोन खाली ठेवायला लागलो तर आप्पांनी माझं मनगट पकडलं.

“सबुद न्हाय कळत. पर तू बोल.”

काय बोलणार? वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. डोक्यात जे भरलेलं होतं ते बोलायला लागलो. तुमचं तांबं वाईट नव्हतं आप्पा, म्हणालो. फार चांगलं होतं. तांब्याच्या थरात थोड्या जागा रिकाम्या लागतात, म्हणालो, पंगतीत एखादं पान मोकळं लागतं तशा, नाहीतर कुणी हलतच नाही. परकं किती हवं त्याचं माप असतं, अगदी थोडं हवं, पण हवंच. ते टक लावून ऐकत होते, मान डोलवत होते, जसं काही सगळं समजतंय. आणि त्यांना एकही शब्द कळत नाही हे ठाऊक असल्यामुळे असेल, मी पुढे बोलत गेलो. खोलीबद्दल बोललो. खाणावळीत माझ्या समोरच्या पाटावर कुणी बसत नाही, ते बोललो. आई गेल्यापासून मला कुणी नावानं हाक मारलेली नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, तेही माझ्या बापासमोर, आणि ते माझ्याकडे बघून मान डोलवत होते.

बॅटरी उतरत गेली, माझा आवाज त्यांच्या कानांत बारीक होत गेला असावा, कारण ते पुढे पुढे वाकत होते. शेवटी त्यांनी हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिले.

“तुझा कंठ कवा फुटला रं?” त्यांनी विचारलं.

तो बेळगावात फुटला होता, वसतिगृहात, आणि तेव्हाही ते कुणी ऐकलं नव्हतं.